न सुटलेला बोल्ट

दीपेशच्या आठवड्यात तीनच वार होते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. या तीन दिवशी पहाटे साडेपाचला त्याची पांढरी व्हॅन जूचंद्रमधल्या घरासमोरून निघायची. मधल्या सीटवर त्याची आई कृष्णाबाई. पुढे नायगावच्या नव्या टॉवरांमधून सदानंदकाका आणि आशालताबाई चढायचे. तिघांनाही वसईच्या सेंटरवर डायलिसिस. चार तास ते मशीनला जोडलेले असायचे आणि चार तास दीपेश बाहेर गाडीत बसून राहायचा. मग एकेकाला धरून उतरवत, घरी पोचवत दुपार व्हायची. उरलेले वार गाडी धुण्यात, आईची औषधं आणण्यात आणि पुढच्या वाराची वाट बघण्यात जायचे. सहा वर्षं हे चाललं होतं. सहा वर्षांत त्याने एक रात्र गावाबाहेर काढली नव्हती.

त्याआधी तो चाकणला होता. आयटीआयचा फिटर. हात चांगला म्हणून कारखान्यात वर्षभरातच त्याच्याकडे चार माणसं दिली होती. मग वडील, धर्मा, गेले. आयुष्यभर मिठागरावर उन्हात वाकलेला माणूस एका दुपारी जेवता जेवता आडवा झाला. त्याचं कार्य आटोपतं न आटोपतं तोच कृष्णाबाईच्या पायांवर सूज आली, आणि डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. दीपेश दोन महिन्यांची रजा टाकून आला. चाकणच्या खोलीतलं अंथरूणसुद्धा त्याने गुंडाळलं नव्हतं. परत जायचं तर होतं.

एप्रिलच्या एका शुक्रवारी व्हॅन वाजायला लागली. खड्ड्यात डावं चाक गेलं की खालून खट्ट असा आवाज यायचा आणि सदानंदकाका दचकून दांडी धरायचे. दीपेशने त्याच दिवशी खाली वाकून पाहिलं. डाव्या लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताचं, रबरी बुश फाटलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुवारी आण. दोन दिवस तरी ठेवावी लागेल." दोन दिवस गाडी ठेवायची म्हणजे शुक्रवारचं डायलिसिस चुकवायचं. आणि गुरुवारपर्यंत त्या आर्मवर भरवसा ठेवून तीन आजारी माणसं न्यायची त्याची छाती नव्हती. विरारहून त्याने नवीन आर्म आणला. रविवारी घरीच बसवायचं ठरवलं. फिटर माणूस, तीन बोल्टचं काम. दुपारच्या जेवणाआधी संपेल, असा हिशोब.

त्याच शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली होती. घरी आल्यावर कृष्णाबाईला गाडीतून उतरायला वेळ लागत होता. डायलिसिसनंतर तिच्या पायांत बळ नसायचं. एक पाय खाली, एक आत, आणि दाराची मूठ धरून ती श्वास घेत उभी. ऊन डोक्यावर होतं. गाडीचा तो खट्ट आवाज दीपेशच्या डोक्यात बसला होता. तो बोलून गेला, "आय, जरा आटप ना. माझं सगळं आयुष्य या गाडीच्या दारात चाललंय."

कृष्णाबाईने दुसरा पाय खाली घेतला आणि त्याचा हात न धरता, भिंतीला धरत आत गेली. तेव्हापासून दोन दिवस मायलेकांत कामापुरतंच बोलणं होतं. गोळी घेतली का, घेतली. भात वाढू का, नको.

शनिवारी मोरीत अंघोळ करताना दीपेशच्या मनात एक विचार आला होता. ही सुटली तर मीही सुटेन. त्याने भराभर चार तांबे डोक्यावर ओतले. विचार काही वाहून गेला नाही.

रविवारी सकाळी बायको स्वप्नाली, मुलगी उन्नतीला घेऊन, तीन घरं सोडून असलेल्या हळदीला गेली. सगळी आळीच तिथे होती. भिंतीएवढे स्पीकर लावले होते. एकेका ठोक्याला दीपेशच्या घराचे पत्रे थरथरत होते. कृष्णाबाई आत कॉटवर पडून होती.

व्हॅन अंगणात होती. अंगण म्हणजे जुन्या भातखाचरावर टाकलेला भराव. वर मुरूम, खाली खाडीची काळी माती. दीपेशने बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक लावून डावी बाजू उचलली, चाक काढलं आणि सवयीप्रमाणे ते चाक गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवलं. चाकणला उस्तादाने शिकवलेलं होतं. जॅकवर कधी विश्वास ठेवायचा नाही. खरं म्हणजे जॅकशेजारी गाडीला टेकू देणारी लोखंडी घोडीही लावायला हवी होती. ती त्याच्याकडे नव्हती.

पहिला बोल्ट पंधरा मिनिटांत निघाला. दुसरा, पुढच्या बुशचा, थोडा कुरकुरला आणि आला. तिसरा, मागचा, मात्र अडून बसला.

नट सुटला होता. बोल्ट जागच्या जागी फिरतही होता. बाहेर येत नव्हता. मागच्या जुलैत अंगणात गुडघाभर पाणी भरलं होतं आणि व्हॅन दोन दिवस त्यात उभी होती. त्या पाण्याने आणि खाडीच्या खाऱ्या हवेने बोल्ट आणि बुशच्या आतली लोखंडी नळी एकजीव करून टाकली होती. दीपेशने गंज सोडवायचं तेल मारलं. अर्धा तास थांबला. पुन्हा मारलं. पान्यावर पाइप चढवून त्यावर सगळं वजन टाकलं. मग हातोडा घेतला. प्रत्येक घावाबरोबर गंजाची पूड डोळ्यांत येत होती आणि बोल्ट केसभरही हलत नव्हता.

साडेदहा, अकरा. आता गाडी धड जोडलेली नव्हती आणि धड उघडलेलीही नव्हती. जुना आर्म निघत नव्हता, नवीन बसत नव्हता आणि सोमवारची पहाट यायची थांबणार नव्हती. त्याने त्या बोल्टला शिव्या घातल्या. आधी हळू, मग मोठ्याने. पाना अंगणात भिरकावला, पुन्हा उठून आणला. दोन गाण्यांच्या मध्ये आत कॉट करकरल्याचा आवाज आला आणि तो गप्प झाला.

तो पुन्हा खाली सरकला. डावा हात आर्मखाली घालून तो वर दाबून धरला, म्हणजे बोल्टवरचा ताण जरा हलका होईल, आणि उजव्या हाताने हातोडा हाणला. एक. दोन. तिसऱ्या घावाला काहीतरी हललं. त्याला क्षणभर वाटलं, सुटला.

हलला होता जॅक. घावाघावाने त्याचा तळ मुरुमातून खालच्या मऊ मातीत रुतत गेला होता. तो कलला, निसटला आणि गाडी खाली आली.

आडव्या ठेवलेल्या चाकाने तिला झेललं, म्हणून दीपेशची छाती वाचली. पण आर्म खाली दबला आणि त्याच्याखाली त्याचा डावा हात मनगटापर्यंत मातीत गेला.

आधी काहीच दुखलं नाही. मग इतकं दुखलं की आवाजच फुटेना. त्याने हात ओढून पाहिला. दोन बोटांतून कळ खांद्यापर्यंत गेली. उजव्या हाताने आर्म उचलून पाहिला. त्यावर अर्धी गाडी होती. हाताखालची माती खरवडायला गेला तर बोटं तिथवर पोचेनात. जॅक पुढे, बंपरच्या पलीकडे आडवा पडला होता. पायाने ओढावा म्हटलं, तर एक वीत कमी पडत होती. फोन ओट्यावर चार्जिंगला होता.

"आये!" तो ओरडला. "आये! स्वप्ने! कोन हाय का?"

स्पीकरने ते सगळं गिळलं. त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही.

गाडीखाली हात अडकलेल्या माणसाला फार थोडं जग दिसतं. दीपेशला दिसत होती घराची एक पायरी, मोरीचा पत्रा आणि अंगणाच्या कडेने चाललेली मुंग्यांची रांग. इंजिनचं तेल आणि तापलेलं रबर यांचा वास नाकात बसला होता. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं, गाण्यांच्या मधल्या पाच सेकंदांचा नेम धरून. दोनदा नेम चुकला. तिसऱ्यांदा घसाच बसला.

मग त्याला पाने सुचले. उजव्या हाताशी सहा होते. त्याने पहिला मोरीच्या पत्र्यावर फेकला. खण्ण झालं. वाट पाहिली. दुसरा फेकला. तिसरा पत्र्याला न लागता पायरीवर पडला. चौथा, पाचवा. दारात कोणी आलं नाही. सहावा त्याने बराच वेळ मुठीत धरून ठेवला आणि मग फेकला. पाठोपाठ हातोडाही. पत्रा असा दणाणला की कावळे उडाले. दार तसंच राहिलं.

आता फेकायला काही उरलं नव्हतं. त्याने गाल मातीला टेकवला. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायचंही त्याने सोडून दिलं. सगळ्यांत वाईट गोष्ट त्याला तेव्हा जाणवली. हे असं पडून राहणं त्याला नवीन वाटतच नव्हतं. सेंटरच्या बाहेर, गाडीत, काच खाली करून तो असाच तर असायचा. फक्त तिथे हात मोकळे असायचे.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पायरीवर दोन पाय दिसले. सुजलेले, निळ्या स्लिपरांतले.

"दिप्या?" कृष्णाबाईचा आवाज. "काय र, आवाज बंद झाला तुझा?"

"आये," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात अडकलाय. गारीखाली."

पाय थबकले. मग भिंत सोडून, एकेक पाऊल टाकत ते गाडीपाशी आले. कृष्णाबाई खाली बसली. तिला खाली बसायला बंदी नव्हती, पण बसल्यावर उठता येत नसे, म्हणून ती दोन वर्षांत जमिनीवर बसली नव्हती. तिने वाकून आत पाहिलं. मातीत गेलेलं मनगट पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"मी पत्रा वाजवत होतो. ऐकला नाय?"

"ऐकला." ती म्हणाली. "मना वाटला, राग काढतंस. सकालपासून शिव्या देत होतास ना. मी बोलले, माज्यावरचा राग हाय, काढून टाकूं दे. मंग एकदम बंद झाला. तवा भ्याले."

दीपेशने डोळे मिटले. "स्वप्नालीला बोलाव. फोन ओट्यावर हाय."

फोन ओट्याच्या आतल्या कडेला, भिंतीशी होता. बसून तिथवर हात पोचला नसता, कृष्णाबाईला आधी उठावं लागलं असतं. तिने चाकाच्या खाचेला धरून जोर केला. गुडघे उचलले नाहीत. पुन्हा केला. ती तशीच बसली, धापा टाकत.

"नाय जमत," ती म्हणाली. "ता जॅक कसा लावतात, सांग मना."

"तुला नाय जमायचं आये. डावा हात लावशील." तिच्या डाव्या दंडात डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून केलेली जागा होती. त्या हाताने तांब्यासुद्धा उचलायचा नाही, असं सेंटरच्या सिस्टर मर्सी दर खेपेला बजावायच्या. ती शीर बिघडली तर सगळंच अडलं असतं.

"उजव्या हातान करतंय. तू सांग."

ती बसल्या बसल्या घसरत पुढे गेली आणि जॅक ओढत आणला. दीपेशने सांगितलं, खालचा स्क्रू उजवीकडे घट्ट फिरव, गाडीच्या सांगाड्याच्या त्या कडेखाली उभा कर. तिने स्क्रू फिरवला. जॅक उभा करायच्या आधी मात्र ती थांबली. जमीन बोटाने दाबून पाहिली.

"ह्यावर लावलास?" तिने विचारलं.

"हो."

"आर मुलखाच्या शान्या! चिखलाव काय उभा रातं? तुझा बापूस मिठागराव फली टाकल्याशिवाय पाय ठेवायचा नाय."

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसली होती. ओट्याच्या कोपऱ्याला पाहुण्यांसाठीचा जाड सागवानी पाट टेकवलेला होता. ती तिथवर घसरत गेली, पाट ओढत आणला, जमिनीवर आडवा घातला आणि त्यावर जॅक ठेवला. मग दांडा लावून ती तो उजव्या हाताने वरखाली करू लागली.

दहा वेळा केलं की थांबायची. ओठ निळसर दिसत होते. डावा हात तिने मांडीवर, एखादं तान्हं मूल ठेवावं तसा, वेगळा ठेवला होता.

"थांब जरा," दीपेश म्हणाला. "दम घे."

"थांबले का उठनार नाय मी." दांडा वर, खाली. "दिप्या, सुक्रवारी बोललास ता खरा हाय."

"रागात बोललो ग."

"खराच हाय. मना काय कलत नाय?" वर, खाली. "मशीनला लावतात ना, तवा मी वरच्या पंख्याकडं बघतंय आन बोलतंय, देवी, आता पुरे. माजा पोर सुटूं दे. मंग सिस्टर येतं, बोलतं, आजी झाला. आन बाहेर तू दार उघरून उभा."

दीपेशला काहीतरी बोलायचं होतं. नाही ग, असं म्हणायचं होतं. पण शनिवारी मोरीत आलेला विचार त्याच्या आणि त्या शब्दांच्या मध्ये उभा होता.

"माझ्याही मनात आलं होतं, आये," तो म्हणाला. "काल."

दांडा थांबला. स्पीकरवरचं गाणं तेव्हाच संपलं होतं, त्यामुळे तिने हे ऐकलं यात शंका नव्हती.

"येनारच," ती म्हणाली आणि पुन्हा दांडा हलवू लागली.

गाडी करकरत बोटभर वर आली. आणखी बोटभर. आर्मचं ओझं सैल झालं आणि दीपेशने हात ओढून घेतला. त्यावर काळी माती आणि रक्त यांचा लेप होता. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. तो कुशीवर वळून गाडीखालून बाहेर आला आणि आईच्या शेजारी तसाच बसून राहिला. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग दोघंही उठू शकेनात. शेवटी तो गुडघ्यांवर ओट्यापाशी सरकला, उजव्या हाताने फोन खेचला आणि स्वप्नालीला लावला. चौथ्यांदा तिने उचलला.

ॲल्रॉय दुपारी तीनला आला. वसईगावात त्याचं ग्रिल आणि शटरचं वर्कशॉप होतं. आयटीआयला तो आणि दीपेश एकाच बाकावर होते. चर्चमधली मिस्सा आणि रविवारचं जेवण आटोपून तो झोपला होता, तिथून उठून आला होता. तोवर दीपेशचा हात प्लास्टरमध्ये होता आणि कृष्णाबाईची शीर स्वप्नालीने सिस्टरना फोन करून, सांगतील तशी बोटाने तपासून घेतली होती. खालची थरथर लागत होती. शीर चालू होती.

ॲल्रॉयने गाडीखाली डोकं घालून बोल्ट पाहिला.

"किती वेळ मारत बसलास?"

"तीन तास."

"गाढव आहेस. मला सकाळी फोन करायचा ना."

"रविवार होता तुझा."

"आणि तुझा काय, सोमवार होता?" ॲल्रॉयने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. त्याने बुशच्या दोन्ही अंगांनी बोल्ट कापून टाकला. वीस मिनिटं लागली. जुना आर्म धप्पकन खाली पडला, आणि बोल्टचा मधला तुकडा नळीतच राहिला. दीपेश प्लास्टरचा हात छातीशी धरून ओट्यावरून बघत होता. आपल्या गाडीचं काम दुसऱ्याने करताना बघायची त्याला सवय नव्हती. दोनदा तो उठला. दोनदा स्वप्नालीने त्याला बसवलं.

संध्याकाळी सहाला गाडी चाकांवर उभी होती. सोमवारी ॲल्रॉय स्वतः चालवायला आला. पण त्याला दर खेपेला जमणार नव्हतं, आणि डॉक्टरांनी प्लास्टर पाच आठवडे ठेवायला सांगितलं होतं.

"बुधवारपासून मी नेते," स्वप्नाली म्हणाली.

दीपेशने तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे चार वर्षांपासून लायसन्स होतं. वसईच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून ती आरटीओच्या परीक्षेत पहिल्या फेरीत पास झाली होती. व्हॅन मात्र त्याने तिला अंगणातून वळवायलासुद्धा दिली नव्हती. पेशंट माणसं आहेत, रस्ता खराब आहे, सदानंदकाकांना सवय नाही, अशी कारणं त्याच्याकडे होती.

"तुम्ही कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

बुधवारी पहाटे व्हॅन गेली. कृष्णाबाईने जाताना खिडकीतून हात केला. दीपेश अंगणात उभा राहिला. वळणावर दिवे दिसेनासे झाले. सहा वर्षांत पहिल्यांदा बुधवारची सकाळ त्याची होती. चहा केला, एका हाताने, निम्मा सांडला. नऊ वाजता कपडे करून निघाला. चाकणच्या जुन्या मित्राला, विघ्नेशला, फोन लावला. विघ्नेश म्हणाला, "अरे, ती लाइनच बंद झाली. आता सगळं रोबोट करतात. ये तरी, भेटू." दीपेश बरं म्हणाला. नाक्यावर रिक्षा उभी होती. तो चढला नाही.

तो चालत खाडीकडे गेला. बापाच्या मिठागरावर आता भराव पडत होता. डंपर ओळीने येऊन माती ओतत होते आणि एका टोकाला उरलेल्या दोन वाफ्यांत पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. तिथे तो तासभर उभा राहिला. हात ठणकत होता. कुठे जायचं ते त्याला सुचत नव्हतं. जायला कोणी अडवलं नव्हतं, आणि हेच त्याला पेलवेना. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली. त्याच्या मनाने आपोआप हिशोब केला. आत्ता मशीन बंद करत असतील, सुया काढत असतील. स्वप्नालीला माहीत असेल का, सुई काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरावं लागतं?

त्याने तिला फोन केला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही आहात कुठे?"

"असाच. बाहेर."

"मग राहा ना बाहेर."

तो राहिला नाही. साडेअकराला घरी आला, कुकर लावला आणि दारात खुर्ची टाकून बसला. बाराला व्हॅन वळणावरून आली. खड्डा गेला, आवाज झाला नाही. स्वप्नालीने ती सरळ अंगणात घेतली, दीपेश घेत असे त्यापेक्षा जरा हळू. दार उघडलं. कृष्णाबाईने एक पाय खाली टाकला आणि मुठीला धरून श्वास घेत उभी राहिली.

दीपेश उठून गेला. त्याने उजवा हात पुढे केला.

"गेलास नाय कुठं?" तिने विचारलं.

"गेलो होतो. आलो."

"सुक्रवारी जा," ती म्हणाली. "जरा लांब जा."

तिने त्याचा हात धरला आणि सावकाश दुसरा पाय खाली घेतला. त्याने घाई केली नाही.